मुद्देमालाचा उंबरा

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता फाइलींबरोबरच धूळ खात पडल्या आहेत. ही एक मात्र आजही काल घडल्यासारखी आठवते, कारण एवढ्या वर्षांत घर चोरीला गेल्याची तक्रार माझ्याकडे एकदाच आली.

घरातली चोरी नव्हे. घराचीच.

तेव्हा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीचा भाग माझ्या ठाण्याकडे होता. सकाळची हजेरी आटोपली होती. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर काम करणारी एक बाई समोर येऊन उभी राहिली. विणकर कुटुंबातली, घरी तेलुगू बोलणारी, नवरा वारलेला, मुलगी शिकायला वसतिगृहात. कारखान्यात तिला सगळे अक्का म्हणत. पुढे आम्हीही म्हणू लागलो.

"काल सकाळी कामाला गेले, संध्याकाळी आले तर घर न्हाय की वो साहेब."

आमचे ठाणे अंमलदार मंगळवेढ्याकडचे हवालदार. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अक्का, घर कुटं चोरीला जातंय व्हय? गल्ली चुकली असशील."

"चुकायला मी काय पिऊन आले का? चाकं हायेत त्याला."

मग उलगडा झाला. एकामागून एक भाड्याच्या पाच खोल्या सोडाव्या लागल्यावर अक्काने रस्त्याच्या ठेकेदाराची जुनी केबिन विकत घेतली होती. बाहेरून निळा पत्रा, आत प्लायवूड, खाली चार चाकं. कारखान्याच्या मालकाने मागच्या कुंपणालगत ती उभी करू दिली होती. "कुणी जागा सोड म्हटलं तर सामान बांधायचं न्हाय," अक्का म्हणाली, "ट्रॅक्टर लावायचा. पाच वेळा मला घराबाहेर काढलं. आता घरच मला सोडून गेलं." रात्र तिने एका मैत्रिणीच्या खोलीत, सहा जणांत सातवी म्हणून काढली होती.

हवालदारांना अजून एक शंका होती. "साहेब, मालमत्ता स्थावर लिवू का जंगम?"

"चाकं आहेत ना? जंगम."

गुन्हा दाखल झाला.

घटनास्थळी पंचनामा करायला गेलो तेव्हा उरलं होतं ते एवढंच : चाकांखाली लावलेल्या विटा, ट्रॅक्टरच्या टायरचे ठसे आणि डालड्याच्या डब्यातली तुळस. तुळस कुंपणाच्या कडेला, कुणाचा पाय लागणार नाही अशी ठेवलेली. सराईत चोर झाडं बाजूला ठेवत बसत नाही. हे काम मजुरांकडून करून घेतलेलं होतं, आणि आपण चोरी करतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

खबर मिळाली ती कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून. पोलिसांचे खबरी म्हणजे काळा चष्मा लावलेली माणसं, असा वाचकांचा समज असतो. माझे निम्मे खबरी चहा गाळत असत. तो म्हणाला, "निळी केबिन व्हय? भर दुपारी गेली की. ट्रॅक्टरवाल्यानं हितंच चहा घेतला. प्रदर्शनाच्या मैदानावर न्यायचीय म्हनला. मला वाटलं सरकारी काम हाय."

भर दुपारी आणि गाजावाजा करत नेलेली वस्तू सरकारीच असणार, हा आपल्याकडचा जुना विश्वास आहे.

मैदानावर दुसऱ्या दिवशी परवडणाऱ्या घरांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. एका विकासकाने अल्प उत्पन्न गटासाठी चाकांवरच्या घरांची योजना आणली होती. बंदोबस्त आमच्याच ठाण्याचा. अक्काला जीपमध्ये घालून सकाळीच पोहोचलो.

मधोमध नमुना घर उभं होतं. पिवळाधमक रंग, झेंडूच्या माळा, दारापासून आतपर्यंत लाल गालिचा. बाहेर विकासकाचं भाषण चालू होतं. घर हे केवळ घर नसून स्वप्न असतं, इथपर्यंत ते आलं होतं.

"हेच का?" मी हळूच विचारलं.

अक्का भोवती एक चक्कर मारून आली. चेहरा पडलेला. "आकार तसाच हाय. पण हे लई झ्याक हाय साहेब. आत सोफा दिसतोय. माझ्या घरात कुटला सोफा?"

विकासकाचा सुपरवायझर लगबगीने आला. "साहेब, हे पुण्याच्या कारखान्यातून आलंय. हे बघा माहितीपत्रक." त्यात फोटोही होता. तक्रारदार बाईच खात्रीने सांगत नाही म्हटल्यावर माझ्या हातात काय उरलं? एक पिवळा रंग.

तेवढ्यात पाहुणे घर बघायला निघाले. पहिले पाहुणे दारात अडखळले. दुसरे अडखळले. विकासक स्वतः तर स्वप्नातच तोंडावर आपटायचे. हवालदारांनी दंड धरला म्हणून वाचले. मागोमाग मीही ठेचकाळलो. गालिच्याखाली काहीतरी उंच होतं.

माझ्यामागून अक्का आली. चपला बाहेर काढल्या, आतल्या सोफ्याकडे बघत बघतच पाय नेमका तेवढा उचलला आणि आत आली. खाली पाहिलंसुद्धा नाही.

"अक्का, तिथेच थांबा," मी म्हणालो. "पाय का उचललात?"

ती गोंधळली. "उंबरा हाय की."

"कुठे दिसतोय उंबरा?"

तिने वळून दाराकडे पाहिलं. मग खाली बसून तिने गालिचा उचलला. खाली बाभळीच्या लाकडाचा जाडजूड उंबरा होता, त्यावर कितीतरी शुक्रवारांच्या हळदीकुंकवाचे थर. "सुताराकडून बसवून घेतला होता," ती म्हणाली. "उंबरा नसलेलं घर म्हंजे पेटी झाली की वो."

ठेकेदाराच्या केबिनला उंबरा नसतो. माहितीपत्रकातल्या फोटोतही नव्हता.

सुपरवायझरला मंडपामागे घेतला. फार प्रश्न लागले नाहीत.

"पुण्याचं घर वाटेत अडकलं, साहेब. उद्घाटन तोंडावर. ही केबिन रिकामी वाटली."

"कुलूप होतं?"

"होतं."

"रिकाम्या घराला कुलूप कशाला लावतात?"

त्यावर त्याने गोदामाची किल्ली काढून दिली. अक्काची भांडी, ट्रंक, मुलीची पुस्तकं तिथेच सापडली.

राहिला रंगारी. म्हातारा, अक्काच्याच समाजातला. "सगळं रंगवलंस, मग उंबराच का सोडलास?"

"त्यांनी सांगितलं होतं रंगव म्हणून," तो म्हणाला. "पण हळद लावलेल्या उंबऱ्यावर ब्रश कसा फिरवायचा साहेब? लक्ष्मी हाय की तिथं. मी न्हाय म्हटलं, तर ह्यांनी वरून गालिचा टाकला." मग तो अक्काकडे वळून तेलुगूत काहीतरी बोलला. माफी असावी. अक्काने त्याला पाणी दिलं.

बाहेर भाषणांची दुसरी फेरी सुरू झाली होती. गरिबाला हक्काचं घर मिळाल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही, असं विकासक सांगत होते. त्यांना फार वेळ अस्वस्थ ठेवलं नाही. जप्तीचा पंचनामा पुढे केला आणि झेंडूच्या माळांसकट घर ठाण्याच्या आवारात आणलं.

आता अडचण अशी, की कोर्टाचा आदेश येईपर्यंत मुद्देमाल परत देता येत नाही. घर समोर उभं, आणि अक्का पुन्हा मैत्रिणीकडे सातवी. मध्ये शुक्रवार आला. सकाळी हवालदार माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळले.

"साहेब, अक्का आलीय. मुद्देमालाला हळद लावायची म्हनतीय. चालंल का?"

मुद्देमालाला हात लावू नये असा नियम आहे. हळदीबद्दल नियमात काही नाही. मी म्हणालो, "डायरीत नोंद घ्या आणि लावू द्या."

आदेश आला तेव्हा ट्रॅक्टर विकासकाने पाठवला. पूर्वीचा निळा रंग लावून देऊ का, असंही विचारलं. "राहू दे, पिवळा बरा हाय," अक्का म्हणाली. "सोफा तेवढा न्या. पाय ठेवायला जागा उरंना."

त्यानंतर मी पुष्कळ गृहप्रकल्पांची उद्घाटनं बंदोबस्तात उभा राहून ऐकली. चौरस फूट, सवलती, स्वप्नं, सगळं असायचं. या खटल्याने मला एक शिकवलं : घर कुणाचं, हे विचारायचं असेल तर कागद बघायच्या आधी दारातून कोण कसं आत जातं ते बघावं.

माझ्या निवृत्तीनंतर अक्काने एकदा चहाला बोलावलं. हवालदारही बरोबर होते. दारातच त्यांनी माझा हात धरला.

"साहेब, पाय उचला."

मी आधीच उचलला होता.