बापाला दिलेली सतरा तारीख

हेगमध्ये विब्रेन टर्पस्ट्रा नावाचा एक विद्वान राहतो. वय बेचाळीस. त्यातली चौदा वर्षं त्याने खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याला वाहिली. म्हणजे नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या देशाची, घर तिसऱ्या देशात, तर भांडण कुठल्या देशाच्या कायद्याने सोडवायचं ते ठरवायचं. फक्त ठरवायचं हं. सोडवणं हे हलक्या लोकांचं काम.

त्यापायी स्वारी लूव्हेनला राहिली, जिनिव्हाला राहिली, हायडेलबर्गला तर तीन वर्षं मुक्काम ठोकला. परत आली ती कशावरही डोळे मिटून "ते अवलंबून आहे" म्हणण्याची खोड घेऊन. आईने कॉफीत दूध घालू का विचारलं तरी आधी डोळे मिटायचे.

वडील सिट्झ गुडघ्यांना ऊन मिळावं म्हणून सात वर्षांपूर्वी आईला, आल्टेला, घेऊन स्पेनच्या किनाऱ्यावर राहायला गेले. हेगजवळच्या शेवेनिंगनचं घर मात्र त्यांनी ठेवलं, कारण आल्टेचा सगळा जीव त्या घरात. "हे गेले की मी माघारी येणार," असं ती नवऱ्यादेखत सांगायची आणि तेही मान डोलवायचे.

वडिलांच्या पंचाहत्तरीला दोघं या घरी आले. गोल मांडलेल्या खुर्च्या, माणशी केकचा एकच तुकडा, आणि सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलेलं, जणू पंचाहत्तर वर्षं प्रत्येकानेच काढली होती. सिट्झच्या पहिल्या बायकोचा मुलगा होव्हर्टही आला होता. तो सिगारेट ओढायला बाहेर गेल्यावर सिट्झनी आवाज खाली आणला.

"विब्रेन, माझ्यामागे हे घर तुझ्या आईला राहील ना? का काही लिहून ठेवू?"

बापाने जन्मात पहिल्यांदा मुलाला त्याच्या विषयातलं काही विचारलं होतं. मग काय, विब्रेन चाळीस मिनिटं बोलला. फ्रेंचांचं मत, जर्मनांचं मत, मग जर्मनांनी फ्रेंचांना दिलेलं उत्तर. होव्हर्ट परत येऊन बसला, कॉफी निवली.

"बरं, मग लिहू का नको?"

"बाबा, ते अवलंबून आहे. असं घाईत नाही सांगता येत." त्याने डायरी काढली. "सतरा तारखेला? तीन ते चार?"

आता इथे पोटच्या पोराला भेटायलाही वेळ घ्यावी लागते, ते सोडा. पण समोर बसलेल्या बापाला पुढची तारीख द्यायला विब्रेनच हवा.

"मी तेव्हा स्पेनमध्ये असेन रे."

"मग फोनवर बोलू."

स्पेनला परतल्यावर सिट्झनी ती तारीख कॅलेंडरवर लिहिली. नऊ तारखेला बागेतल्या खुर्चीत बसल्याबसल्या ते गेले.

वारशाची कामं पाहणाऱ्या नोटरीबाईंनी आल्टेला सगळं पाच मिनिटांत सांगितलं. "शेवटी राहत होते स्पेनमध्ये, म्हणून वारशाला स्पेनचा कायदा. आपल्या कायद्याने घर तुमच्याकडे राहिलं असतं, मुलांना थांबावं लागलं असतं. तिकडे घरातल्या वडिलांच्या अर्ध्या वाट्यावर मुलांचा हक्क आत्ताच लागतो. मृत्युपत्रात एक ओळ हवी होती, की मला माझ्या देशाचा कायदा लावा. बस."

"मला माझा वाटा हवाय," होव्हर्ट म्हणाला. "घर विकू."

आल्टे मुलाकडे वळली. "एक ओळ, विब्रेन?"

"हो, आई."

"तुला माहीत होती?"

"माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहे ती."

 कोट चढवून आल्टे ट्रामच्या थांब्याकडे चालू लागली. घर दोन महिन्यांत विकलं गेलं. आता ती दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहते, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते.

या माणसाला लाज वाटली असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने जुलैतला उन्हाळी वर्ग पाहायला हवा होता. युरोपभरची पोरं जमलेली, आणि विब्रेनने नावं बदलून तोच दाखला फळ्यावर मांडला. म्हातारा, स्पेन, विधवा, सावत्र मुलगा. वर्ग रंगला. विब्रेनही खुलला.

मग मागच्या बाकावरच्या एका पोर्तुगीज मुलीने हात वर केला.

"सर, एवढी साधी गोष्ट. त्या घरात कायदा शिकलेलं कुणीच नव्हतं का?"

विब्रेनने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाही," तो म्हणाला. "कुणीच नव्हतं."