जावेची गोधडी

माझ्या जावेचा मला किती हेवा वाटायचा ते आज सांगायला हरकत नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी फणकाऱ्याने म्हटलं असतं, "माझं काय अडलंय तिच्यावाचून?" आणि म्हणतानाही माझी मान तिच्याच दाराकडे वळलेली असती.

भिवंडीजवळच्या कोन गावात रस्त्यापासून जरा आत आमचं घर. सासऱ्यांनी मधोमध भिंत घालून दोघा भावांना दोन बाजू करून दिल्या, पडवी तेवढी सामाईक ठेवली. एका बाजूला मोठे दीर आणि जाऊ. दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं, म्हणजे मी, हे आणि आमची सहा वर्षांची मुलगी. दिरांचा टेम्पो होता. हे राहनाळच्या एका गोदामात सुपरवायझर होते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं, जिकडे तिकडे शेतात पत्र्याची गोदामं उभी राहत होती आणि सगळं बरं चाललंय असं वाटत होतं. मग एका दुपारी हे मालाच्या थप्पीवरून खाली पडले. मणका दुखावला. डॉक्टरांनी लाकडी फळीवर झोपवलं आणि सांगितलं, कधी उठतील ते आता विचारू नका.

माणूस आजारी पडला की घरातली बाई किती प्रेमळ होते ते पुस्तकात वाचायला मिळतं. मी प्रेमळ झाले नाही. मी चिडकी झाले. यांना कुशीवर वळवायचं, पाठीला तेल लावायचं, त्यात लाइट गेलेली, पंखा बंद, आणि पोरगी मध्येच "आई, बघ ना" करत पदर ओढणार. मी खेकसायचे. एकदा तर हातातलं फडकं तिच्या अंगावर भिरकावलं. देवापुढे दिवा लावतानासुद्धा मी हात जोडण्याऐवजी भांडत असे. "तुझं मी काय वाईट केलंय?" असं गावदेवीच्या तसबिरीला विचारायचे, आणि उत्तर यायच्या आत चुलीवरचं दूध उतू जायचं.

भिंतीपलीकडे सगळं शांत. लग्नाला बारा वर्षं झाली तरी जावेला मूल नव्हतं. घरात दोनच माणसं, त्यातले दीर दिवसभर बाहेर. जेवणं आटोपली की ती पडवीत चटई टाकायची, जुनी लुगडी, साड्या, धोतरं पसरायची आणि गोधडी शिवायला बसायची. प्रत्येक टाक्याला ओठातल्या ओठात देवीचं नाव. कुणी हाक मारली तरी दोरा संपेपर्यंत बोलायची नाही. गावात कुणाकडे बाळंतीण घरी आली की जावेची गोधडी पाहिजेच. तिचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ जायचे. मी मनात म्हणायचे, देवी काय टाके मोजायला बसलीय होय? पण खरं सांगायचं तर तिच्या चेहऱ्यावरचं ते निवांतपण पाहून माझ्या पोटात दुखायचं. त्या निवांतपणातलं चिमूटभर तरी मला कुणी द्यावं असं वाटायचं, आणि ते तिच्याकडे आहे याचाच राग यायचा.

आणि मग माझी पोरगी तिच्याकडे जायला लागली.

आधी दुपारची. सुईत दोरा ओवून देते म्हणून. मग जेवायला. मग एके दिवशी उशी काखोटीला मारून उभी राहिली आणि म्हणाली, "मी मोठ्या आईकडं झोपायला जाते." चुलतीला मोठी आई म्हणायची आमच्याकडची रीतच आहे, माझ्या माहेरीही तेच म्हणतात. तोवर मला त्या शब्दाचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र अंगाचा तिळपापड झाला.

"आपल्या घरात काय कमी हाय?" मी विचारलं.

"तिची गोधडी मऊ हाय," पोरगी म्हणाली.

आठ दिवस झाले, पंधरा झाले, ती काही परत येईना. यांना बरं वाटायचं. "झोपू दे गं, तुलाही जरा आराम," म्हणायचे. मला आराम नको होता, मला माझी पोरगी हवी होती. मी ठरवलं, गोधडी हवी ना, गोधडीच देते. अशी देते की जावेने तोंडात बोट घालावं.

माझा भाऊ भिवंडीत लूमवर जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करायचा. त्याच्याकडून लूमवरचे कापडाचे तुकडे मागवले. निळे चौकडे, तांबडे पट्टे, सगळं कोरं करकरीत. जाऊ फाटक्या साड्या जोडते, मी नवं कापड वापरणार. तीन आठवडे खपले. हे झोपले की शिवायचे, भात शिजेपर्यंत शिवायचे. बोटांना सुई टोचून भोकं पडली. सोमवार धरले, देवीला बजावलं, "गोधडी पुरी होईल त्या दिवशी पोरगी घरात पायजे." गंमत अशी, की त्या तीन आठवड्यांत माझं डोकं जरा शांत झालं होतं. शिवताना यांच्याशी दोन शब्द नीट बोलायचे. पण मला ते बघायला सवड कुठे होती? माझे डोळे भिंतीपलीकडे.

लूमवरच्या सुताला कांजी असते. ती धुवून काढल्याशिवाय कापड अंगाला लावायचं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं, मी त्या खटखटाटातच वाढले. पण धुतलं की चकाकी जाते. आणि मला तर जावेच्या डोळ्यांत भरेल अशी चकाकी हवी होती. म्हणून धुतलं नाही.

नवी गोधडी दाखवून पोरीला घरी आणली, ती एक रात्र तिच्यात झोपली. सकाळी मानेवर, दंडांवर लाल चट्टे. गोधडी पापडासारखी कडक, कूस बदलली की कुरकुरायची म्हणे. त्याच रात्री उशी घेऊन गेली पलीकडे. मी गोधडी धुतली तर ती आटली, तिच्या चुण्या चुण्या झाल्या, टाके तटातट तुटले. दोरीवरून काढून मी ती पलंगाखाली कोंबली.

त्याच दुपारी मी तणतणत जावेच्या घरात शिरले. म्हटलं पुरे झालं, हाताला धरून आणते. पोरगी आतल्या खोलीत झोपली होती. जाऊ तिच्या उशाशी बसून वारा घालत होती. अंगावर तीच ती मऊ गोधडी. मी ती ओढणार, तेवढ्यात तिचा वरचा काठ दिसला. पिवळा वॉयल, बारीक हिरव्या पानांचा.

ती माझी साडी होती. पोरगी पोटात असल्यापासून मी ती घरात नेसत असे. हे पडले त्यानंतर जावेने एकदा माझ्याकडे जुनं कापड मागितलं होतं, पोरीसाठी काही शिवते म्हणून. माझ्या पोरीसाठी ही कोण शिवणार? "माझ्याकडं काय न्हाय," म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी ती साडी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला. डब्याची गरज नव्हती. तिला मिळू नये एवढंच होतं.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

"बोहारणीला मी रस्त्यावर गाठली. माझ्या दोन साड्या दिल्या न ही मागून घेतली." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "पोर पहिल्यांदा दुपारची आली तवा रडायची थांबंना. आईचा वास पायजे म्हणायची. तुझ्याजवळ यायला भिते, न तुझ्याबिगर झोप लागत न्हाय. मग मी काय करू?"

मी गोधडीकडे नेलेला हात मागे घेतला.

"बघ," ती म्हणाली. पोरीने पिवळा काठ मुठीत धरून नाकाशी घेतला होता, पाठ जावेकडे. "एवढे दिस माझ्या कुशीत हाय, पन तोंड त्या बाजूलाच. चार साड्या हायत या गोधडीत, तीन माझ्या. मी फिरवून घातली तरी झोपेत ती बाजू हुडकते." आणि मग, अगदी हळू, "माझ्या मनाला काय वाटत आसंल?"

इतक्या वर्षांत तिने माझ्यापाशी एवढं कधी उघडं केलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसायला हवं होतं, पोरीला झोपू द्यायला हवं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण छातीत आनंदाची अशी उकळी फुटली की काय सांगू. माझी आहे, झोपेतसुद्धा माझीच आहे! मी पोरीला हलवून उठवलं.

जावेने एका शब्दाने अडवलं नाही. गोधडीची घडी घातली, हाताने एकदा सारखी केली आणि माझ्या हातात दिली. "घेऊन जा, तिला लागंल," म्हणाली. "नको वैनी, ती तुम्हांला राहू द्या," एवढं म्हणायला तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मी गोधडी काखेत मारली.

पोरगी अर्धवट झोपेत माझं बोट धरून पडवीत आली. तिने मागे वळून पाहिलं. जाऊ तिथेच बसली होती, हातातला पंखा तसाच.

"मोठ्या आईला पण घेऊ ना आपल्या घरात," पोरगी म्हणाली.

मी तिचं बोट घट्ट धरलं आणि म्हटलं, "तिला तिचं घर हाय."