ओळीच्या मधला श्वास

मला गाता येत नाही. मी आवाज लावला की बडनेऱ्याच्या आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून जातात. तरी लोक मला गीतकार म्हणतात आणि मालिकांच्या पाट्यांत माझं नाव बारीक अक्षरांत पळत जातं. हे सगळं बाबांच्या जिवावर. चाल मुंबईहून फोनवर येते, मी इथे बसून तिच्यावर शब्द लिहितो, आणि ते चालीत कसे बसले हे संगीतकाराला कळावं म्हणून कुणीतरी गाऊन पाठवावं लागतं. त्याला रफ म्हणतात. स्टुडिओतली गायिका पुढे तेच ऐकून गाणं बसवते. माझी सगळी रफ गाणी बाबांनी गायलेली.

बाबा रेल्वेत होते आणि संध्याकाळी भजनी मंडळात. मोझरीच्या आश्रमात खंजिरी वाजवायला जायचे. मालिकेतल्या सुनेचं विरहाचं गाणंसुद्धा ते मांडी ठोकत भजनासारखं म्हणायचे. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचाच. त्या खर्ऱ्यानेच घात केला. जिभेच्या कडेला जखम झाली, ती भरेना, आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी जीभ काढावी लागेल असं सांगितलं. मला खर्रा घोटणाऱ्या पानठेलेवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांचा राग आला. सगळ्यात जास्त बाबांचा.

ऑपरेशनसाठी अकोल्याला निघायच्या आदल्या दिवशी एका मालिकेच्या शीर्षकगीताची चाल येऊन पडली होती. शब्द लिहून झाले होते, पण मी घरात काही बोललो नव्हतो. बाबांनीच ओळखलं.

"कावून रे, गानं अडलं काय?"

आई कडाडली, "बोलाले त्रास होऊन राहिला, अन् गाता काय जी? नोका गाऊ."

"बरं. उद्या गातो मंग," बाबा म्हणाले. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

ओळ साधी होती, 'तुळशीपाशी दिवा लावते तुझ्या नावाचा'. मी फोन धरला. 'तुझ्या'पाशी जीभ दाताला घासली आणि बाबा थांबले. डोळे मिटले, श्वास घेतला, मग 'नावाचा' म्हणाले. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथंच थांबले. तिसऱ्यांदा तोंडात रक्त आलं.

"ओळ मोडली," ते चूळ भरून म्हणाले. मंडळात ओळ मोडणाऱ्याला ते मागच्या रांगेत बसवत. "त्याइले सांग, ते म्हाताऱ्याची चूक हाये. ओळ सलग हाये."

मी ते रफ पाठवलं आणि लगेच तसं कळवलं. संगीतकाराचा निरोप आला: तो श्वास अजिबात काढायचा नाही, बाई हुंदका गिळते असं वाटतं, अशी जागा सुचायला नशीब लागतं.

नशीब! मी फोन भिंतीवर आपटायचा बाकी होतो. गायिकेने तो श्वास जसाच्या तसा उचलला, आणि गाणं गाजलं. माझं एवढं कुठलंच गाणं गाजलं नव्हतं. हळदीकुंकवाला बायका ते म्हणतात, 'तुझ्या'वर थांबतात आणि डोळेही मिटतात.

बाबा जिभेशिवाय घरी आले. टीव्हीवर पहिल्यांदा ते गाणं लागलं तेव्हा त्या जागी त्यांनी पलंगावर हात आपटला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा निरोप दिलाच नाही. नळीतून पेज देता देता मी समजावत राहिलो की लोकांना तेच आवडलं, बाबा. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तेव्हापासून त्या वेळेला आई टीव्ही लावत नाही.

परवा शेजारची सून विरजण मागायला आली. वाटी हातात, तोंडात तेच गाणं. 'तुझ्या'पाशी थांबली.

"बाई, तिथं थांबू नोको," आई म्हणाली. "सलग म्हन."

"पन टीव्हीवर तर थांबते ना काकू."

"टीव्हीवाल्याइले काय मालूम. तू म्हन."

ती लाजली, पण तिने म्हटलं. ओळ एका दमात पार पडली. माझीच ओळ, पण ती अशी अख्खी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आतून पलंगावर दोन थापा पडल्या. दोन म्हणजे पुन्हा; पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, तरी बाबा थापांनीच सांगतात. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा दोन थापा आल्या. आणखी एकदा म्हणून ती विरजण घेऊन गेली, तिला स्वयंपाक करायचा होता.

थापा थांबल्या नाहीत. आईने माझ्याकडे पाहिलं.

"तू म्हन," ती म्हणाली.

मला गाता येत नाही हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी आत जाऊन पलंगाशी बसलो आणि सुरुवात केली. 'तुझ्या'पाशी मीही थांबून श्वास घेतला आणि ओळ मोडली. बाबांनी पुन्हा दोन थापा दिल्या.