मागून बघणारे सर

सर कुठल्याही पुतळ्याला आधी मागून भेटत. शिकागोच्या म्युझियममध्ये युरोपातल्या आधुनिक शिल्पांच्या दालनात मी त्यांना नेलं, तेव्हा ते काडीसारख्या ब्राँझच्या माणसांच्या, बिनहाताच्या धडांच्या मागेच घुटमळत राहिले. गार्ड संशयाने बघायला लागला. "चेहऱ्याला तालीम देता येते, पाठीला नाही," सर म्हणाले.

"सर, ह्याला तर चेहराच नाही."

"बरंय की मग. मुद्द्याचं तेवढंच ठेवलंय."

सर म्हणजे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या माझ्या शेजाऱ्याचे, प्रसादचे वडील. मिरजेला शिल्पकला शिकवून निवृत्त झालेले. ते इथे असतानाच नागपूरला माझी आई वारली. मी गेलो नाही. लेऑफ चालू होते. अमेरिकेबाहेर पडलो आणि परत येण्यासाठी लागणारं व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर नोकरी जाणार, ही धास्ती. "बरोबर केलंस यार, कोण रिस्क घेणार?" प्रसाद म्हणाला. बाकीचेही तेच म्हणाले. सर एकटे म्हणाले, "जायला हवं होतंस."

मग त्यांनी विचारलं, "शेवटची कशी पाहिलीस तिला?" मी सांगितलं. मी निघताना फाटकाशी आली होती. डोळे दिसू नयेत म्हणून तीच आधी वळली आणि आत गेली.

सरांनी प्रसादच्या बेसमेंटमध्ये मातीची आई केली. हातभर उंच, किडकिडीत, बोटांचे ठसे तसेच. चेहऱ्याच्या जागी अंगठ्याने दाबलेली माती. मी फोटो दिला होता! भडकलो. "ही माझी आई नाही. चेहरा कुठाय?"

"इकडे मागे ये."

गेलो नाही.

"बरं, घरात तरी ठेव. ओली आहे, गारठ्यात फुटेल."

मी तिला फडक्यात गुंडाळून गराजमध्ये ठेवलं, घराच्या भिंतीला टेकवून. बर्फ पडायच्या आत सर परत गेले.

बर्फ वितळल्यावर फडकं काढलं. समोरची बाजू पोपडे होऊन गळली होती. उबदार भिंतीकडची पाठ तेवढी आतल्या तारेला धरून होती. एक खांदा किंचित वर, पदर घट्ट आवळलेला. फाटकातून आत चाललेली आई.

मिरजेला फोन लावला. "सर, पाठ पाहिली."

"आत्ता?"

"माफ करा सर."

"माझी कसली माफी मागतोस? मी नुसती माती लावली."

पुढे सर वारले, तेव्हा माझ्या हातात ग्रीन कार्ड होतं. स्टॅम्पिंगची भीती उरली नव्हती. तरी मिरजेला गेलो नाही.