वर्षाला एक पान

पुण्याहून सकाळच्या एसटीने पनवेलला निघालो. पुस्तक गुंडाळायला मलमलचं कापड सोबत घेतलं होतं. वाळवंटातल्या जुन्या प्रवासांची इंग्रजी पुस्तकं मी नोकरी लागल्यापासून जमवतो. आमच्या करमाळ्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरने यायचं, म्हणून भूगोलातला वाळवंटाचा धडा वर्गाला परका वाटला नाही. घरातला पहिला पदवीधर मी. आईवडिलांनी रोजगार हमीवर खडी फोडून शिकवलं, म्हणून आज अशी पुस्तकं हातात धरता येतात.

त्यातल्या एका प्रवासाचा पहिला खंड माझ्याकडे आहे. दुसरा कितीतरी वर्षं मिळत नव्हता. यंदा दसऱ्याला माझा बँकेतला मित्र पनवेलजवळच्या एका गावात जेवायला गेला आणि त्याने फोटो पाठवला. पाटावर झेंडूच्या फुलांत तोच खंड होता.

पनवेलहून उरण रस्त्याला रिक्षा केली. न्हावा शेव्याच्या कंटेनरांमागे ती बराच वेळ अडकली. रिक्षावाल्याने जमीन बघायला आलात का म्हणून विचारलं. पुस्तक बघायला, म्हटल्यावर त्याने आरशातून मला नीट न्याहाळलं.

मित्र जिथे जेवला होता ते हिरामणदादांचं घर दुमजली, दारात दोन ट्रेलर. त्यांचं आगर (मिठागर) केव्हाच भरावाखाली गेलं आहे. त्यांनी आधी तांदळाची भाकरी आणि जवळा (सुकी बारीक कोळंबी) खायला घातला, मग पुस्तक दाखवलं. मिठाच्या खात्यातला एक साहेब बदलून जाताना त्यांच्या आज्याला ते देऊन गेला होता. एक माणूस वाळवंट ओलांडतो, एवढंच त्याने सांगितलं होतं. घरात आलेलं ते पहिलं पुस्तक. तेव्हापासून दर दसऱ्याला एक पान उलटायचं आणि त्यावर कुंकवाचं बोट टेकवायचं, ही रीत. नातवंडं आता इंग्रजी शाळेत जातात, पण पूजेचं पुस्तक वाचायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पानापानावर तो लाल ठिपका पाहून माझा जीव हळहळला. तरी मी पुस्तक मागितलं. दादा म्हणाले, पूजेची वस्तू विकत नाहीत, बाकी आय (आई) सांगेल ते.

आय खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. तिने मला जवळ बोलावलं.

"शिकलेला हायस ना, बाला? मंग सांग, तो मानूस आता कुठं पोचलाय?"

ताज्या कुंकवाचं पान उघडून मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. वाटाड्या चुकला आहे. पखाली कोरड्या पडल्या आहेत. दोन उंट बसले ते उठलेच नाहीत, आणि तो माणूस तोंडात खडा धरून चालतो आहे.

दादांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आमच्याकडं वर्षाला एक पान," आय म्हणाली. "तवर मरल तो. घेऊन जा तू त्याला."

पुस्तक माझ्या मांडीवर आलं. मी कापड उलगडलंही. पण गावाला निघालेल्या माणसाच्या हाती तिथल्या आजाऱ्याचं औषध द्यावं, तशी ती माझ्याकडे बघत होती.

"आई, थांबा," मी म्हणालो, "आत्ताच बघू."

मी वाचत गेलो, सांगत गेलो. दोनदा चहा झाला. कितीतरी पानांनंतर त्याला आणि वाटाड्याला एक बुजलेली विहीर सापडली. हातांनी वाळू उपसून त्यांनी पाणी काढलं.

"गोडं का खारं?" आयने विचारलं.

"थोडं खारंच."

"जगंल मंग. आमी नाय जगलो?"

"आगरावं लावू त्याला कामाला," दादा म्हणाले. आय हसली. मग तिने पुस्तक माझ्याकडून घेतलं, विहिरीच्या पानावर कुंकू टेकवलं आणि ते पाटावर ठेवलं.

"आता घाय (घाई) नाय. दसऱ्याला ये, पुढचं पान सांगाया. एकच हां."

संध्याकाळच्या गाडीने रिकाम्या हाताने परतलो. संग्राहक मित्र म्हणतील, त्या डागांनी पुस्तकाचं मोल गेलं. मीही आजवर नकाशे मोजून, बांधणी तपासूनच पुस्तकं घेत आलो. त्यातला माणूस जगेल ना, ही काळजी मात्र मला कधी पडली नव्हती.