बारशाआधी सांगितलेलं नाव

मी शनिवार पेठेतल्या एका शाळेत फिजिक्स शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना आजवर मी "पुरावा आणा" एवढंच म्हणत आले. आता तुम्ही मला तेच म्हणालात तर हक्क आहे तुमचा... माझ्याकडे पुरावा नाही.

माझा धाकटा भाऊ नितीन वाघोलीला राहतो. त्याचं बाळ जेमतेम आठवड्याचं असताना दूध ओढेना. माझी भावजय सायली, तिच्या आईंनी दृष्ट काढली. संध्याकाळपर्यंत बाळाचं रडणं बदललं – किरटं, एकसुरी. टाळूवर हात ठेवला तर ती फुगून वर आलेली. मला कळायचं ते कळलं, कारण हे मी एकदा पाहिलं होतं. माझं स्वतःचं मूल बारा-तेरा वर्षांपूर्वी असंच गेलं, बारशाच्या आधी. त्याच्यासाठी मी माधव हे नाव मनात धरून ठेवलं होतं. बारशाआधी नाव उच्चारायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पुढे सांगायचं कारणच उरलं नाही.

नगर रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलात बाळाच्या मणक्यातून पाणी काढलं. ते गढूळ आलं. मेनिंजायटिस – मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग. शिरेतून दोन अँटिबायोटिक्स सुरू झाली. हातापायाच्या शिरा मिळेनाशा झाल्या तेव्हा डोक्यावरचे केस काढून तिथे सुई लावली. ताप उतरल्यावर सायलीचे वडील म्हणाले, "आता घरी नेऊ. बारसं तरी वेळेवर होईल."

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "ताप गेलाय, जंतू अजून आहेत. तीन आठवडे पूर्ण केल्याशिवाय सोडणार नाही. बारसं काय हो, पुढच्या महिन्यातही होतं. बाळ असलं तर."

सायलीचे वडील चिठ्ठी घेऊन औषधं आणायला गेले.

नेमके बाराव्या दिवशी, बारसं व्हायचं त्याच दिवशी, बाळाला झटके आले. मी गाऊन, मास्क घालून आत गेले. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, पाठीत धपाटे घालायला बायका नाहीत. मनगटावर नुसती पट्टी – 'बेबी ऑफ सायली'. एक मूल बिननावाचं गेलं होतं, दुसरं तसं जाऊ द्यायचं नव्हतं मला. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मी वाकून कुर्रर्र केलं आणि तोंडात पहिलं आलं ते नाव सांगितलं. माधव.

बाळ वाचलं. औषधांचा कोर्स पूर्ण झाला, रीतसर बारसं झालं, नाव ठेवलं ईशान. पण तपासणीत दोन्ही कान गेलेले निघाले. या आजारात तसं होऊ शकतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सायली त्याच्या पाठीमागे ताट आपटून बघायची. तो आपला हातातल्या खेळण्यात. मला ते बघवायचं नाही.

तो बसायला लागला तेव्हाची गोष्ट. दुपारी हॉलमध्ये तो माझ्याकडे पाठ करून खेळत होता, मी स्वयंपाकघराच्या दारात. का कुणास ठाऊक, हळूच म्हटलं, "माधव."

त्याने मान वळवली.

मी पडले विज्ञानाची बाई. पंखा बंद केला, तोंडावर पदर धरला, दाराआड जाऊन फटीतून बघितलं. "ईशान" म्हटलं – ढिम्म. "बाळा" म्हटलं – नाही. "माधव" – वळला. पुढे दर भेटीत तेच. पण तो माझ्याकडे बघायचा नाही. माझ्या शेजारी, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर बघायचा आणि ओळखीचं हसायचा. माधव असता तर आता माझ्या खांद्याला लागला असता.

एकदा नितीनने पाहिलं. "ताई, अगं त्याला ऐकू येतंय. मग ऑपरेशन कशाला?"

कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे आतल्या कानात यंत्र बसवायची, तारीख जवळ आली होती. या आजारानंतर कानाच्या आत हाड भरत जातं, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"नाही येत," मी म्हटलं.

"मी डोळ्यांनी बघितलं."

"काय बघितलंस ते मलाही माहीत नाही. पण तुझी हाक त्याला ऐकू येत नाही. मार बघू."

नितीनने हाक मारली. जोरात मारली. ईशान खेळतच राहिला. ऑपरेशनची तारीख काही नितीनने बदलली नाही.

ऑपरेशननंतर मशीन चालू केलं त्या दिवशी ईशान आईच्या आवाजाने दचकला आणि रडायला लागला. सायलीही रडली. घरी सगळे पेढे वाटण्यात होते तेव्हा मी त्याच्या मागे उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "माधव."

तो वळला. सरळ माझ्याकडे बघून हसला.

कानांचे डॉक्टर म्हणाले, मुलं सावली टिपतात, हवेचा झोत टिपतात. पण मी तर दाराआड होते, तिथून कसली सावली आणि कसला झोत! आता ईशान कुठल्याही हाकेला ओ देतो. मला आनंद आहे, खरंच आहे. तरी वाघोलीला गेले की एकदा तरी "माधव" म्हणते, आणि तो कुठे बघतो ते बघते.

माझ्याकडेच बघतो.