एमआरआय टेबलावर आपटला तो दिवस

अक्षता कांबळे पलूस–सातारा एसटीवर कंडक्टर. वय एकतीस. पहाटे उठताना तिची कंबर इतकी आखडलेली असायची, की कुशीवर वळून, खाटेची कड धरून उठावं लागायचं. तासभर हालचाल झाली की मग कंबर सुटायची. गाडीत तिकिटं देत मागं-पुढं फिरताना दुखणं विसरायला व्हायचं. सुट्टीला बसून राहिली की जीव जायचा.

नेमकं हेच सासूला, लक्ष्मीबाईंना, खटकायचं. "ड्युटीवर लय पळती, घरात झाडू दिसला की कंबर धरती," असं त्या शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या. नवरा नागसेन खाली मान घालून जेवत राहायचा. अक्षताला सासूच्या बोलण्यापेक्षा त्याचाच जास्त संताप यायचा.

बाळंतपणाला वर्ष झालं होतं, तेव्हा साताऱ्यातल्या एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, "बाळंतपणानंतर होतंच असं. महिनाभर आराम करा." तिनं रजा काढली. कंबरेचं पार लाकूड झालं. पुन्हा जाऊन ती म्हणाली, "पडून राहिल्यावर जास्त दुखतंय." डॉक्टरांनी मान वर न करता उत्तर दिलं, "मग मनाचं आहे."

दुसऱ्या दवाखान्यात पट्टा मिळाला, तिसऱ्यात इंजेक्शनं. अशी पाच वर्षं गेली.

मग एकदा डावा डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना. सांगलीत डोळ्यांच्या डॉक्टर शिवांजली यांनी डोळा तपासला आणि विचारलं, "सकाळी कंबर आखडते? हालचाल केली की बरं वाटतं?"

अक्षता बघतच राहिली. "आवं, तुमाला कसं कळलं?"

"डोळा आणि कंबर, दोन्हीचं मूळ एकच असेल. लगेच संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवा."

तज्ज्ञांनी रक्त तपासलं, एमआरआय काढला. आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, आतून सूज येते. औषधं आणि रोजचा व्यायाम, दोन्ही चालू ठेवायचं. "कंबरेचा डावीकडचा सांधा थोडा चिकटून गेलाय. तो आता सुटणार नाही," ते म्हणाले.

"आदी कळलं असतं तर?"

"कदाचित वाचला असता."

दुसऱ्या दिवशी गाडी साताऱ्यात लागल्यावर ती तडक त्या पहिल्या दवाखान्यात गेली आणि टेबलावर फिल्म आपटली. "मनाचं हाय म्हनला हुतासा न्हवं? ह्ये बघा माजं मन!"

"हा आजार लवकर ओळखू येत नाही हो," डॉक्टर पुटपुटले.

"मी सांगत हुते की! पडून राहिल्यावर दुखतंय म्हनून. ऐकायला काय मशीन लागतंय?"



घरी तिनं फिल्म दाखवली तेव्हा नागसेन म्हणाला, "मला काय ठाऊक?"

"ठाऊक नव्हतं, खरं इचारलं बी न्हाई तुमी. पाच वर्सांत एकदा बी न्हाई."



चार महिन्यांत सकाळचं आखडणं पाव तासावर आलं. अक्षता अंगणात व्यायाम करत असली की लक्ष्मीबाई न बोलता चहाचा कप कट्ट्यावर ठेवून जातात. अक्षता चहा पिते. त्यांच्याशी बोलत मात्र अजून नाही.